चौदा जणांची बॅचलर ट्रिप: आधी आकडा पक्का करा, मग जागा शोधा

प्रश्न थोडक्यात असा: जवळच्या मित्राचं लग्न चार महिन्यांवर आलंय. बॅचलर ट्रिपची जबाबदारी अंगावर पडलीय. यादीत चौदा नावं, मंडळी वेगवेगळ्या गावांत पांगलेली, कुणी चांगलं कमावतोय तर कुणी नुकताच नोकरीला लागलाय. तीन रात्रींसाठी जायचंय. महिनाभर ग्रुपवर नुसत्या ठिकाणांच्या लिंका पडतायत आणि ठरत काहीच नाही. सुरुवात कुठून करायची?

ठिकाणापासून तर अजिबात नको. ठिकाणावर प्रत्येकाकडे मत असतं आणि मत द्यायला काही पडत नाही, म्हणून चर्चा तिथेच फिरत राहते. तारीख, माणशी खर्चाची मर्यादा, माणसांचा पक्का आकडा आणि मग ठिकाण, असा क्रम धरा. पहिल्या तीन गोष्टी ठरल्या की शंभरातली नव्वद ठिकाणं आपोआप बाद होतात आणि उरलेल्यांतून निवडायला एक संध्याकाळ पुरते.

त्याही आधी तिघे निवडा. एकाकडे पैसे, एकाकडे तिकिटं आणि राहण्याची बुकिंगं, एकाकडे तिथले कार्यक्रम. चौदा जणांत मतदान घेऊन सगळं ठरवायला गेलात तर गाडं हलणार नाही. तिघांनी दोन-तीन पर्याय मांडायचे, उत्तराला पाच दिवसांची मुदत द्यायची, आणि जो उत्तर देणार नाही त्याला बहुमत मान्य आहे असं आधीच सांगून ठेवायचं. ग्रुपही दोन करा. एक नवरदेवासकट, गप्पांसाठी. दुसरा त्याच्याशिवाय, फक्त पैसे आणि सूचनांसाठी. दुसऱ्यात तिघांनाच लिहिता येईल असं सेटिंग ठेवा, नाहीतर पैसे भरायची तारीख दोनशे मीम्सखाली गाडली जाते.

तारीख पहिल्यांदा नवरदेवाला विचारा आणि त्याच्याकडून दोन-तीन पर्याय घ्या. ट्रिप लग्नाच्या किमान चार आठवडे आधी हवी, सहा असतील तर उत्तम. पाय मुरगळला, उन्हाने कातडी सोलली, तर बरं व्हायला वेळ मिळतो. साधं हाड मोडलं तरी सहाएक आठवडे जातात. शिवाय शेवटच्या महिन्यात नवरदेवाच्या डोक्यात शंभर कामं असतात आणि तो तिथे बसूनही घरच्यांच्या फोनवर असतो. तुमच्याकडे चार महिने आहेत, म्हणजे आजपासून साधारण दहा आठवड्यांनंतरचा शनिवार-रविवार धरा.

खर्चाची मर्यादा ग्रुपवर विचारू नका. सगळ्यांसमोर कुणीच खरं सांगत नाही. ज्याला परवडत नाही तो 'चालेल' म्हणतो आणि शेवटच्या आठवड्यात आजारी पडतो. प्रत्येकाला वेगळा मेसेज करा: प्रवास धरून जास्तीत जास्त किती झेपेल, एक आकडा सांग. उत्तरं चढत्या क्रमाने लावा, पण सरासरी काढू नका. सरासरी दोघा-तिघा सधन मित्रांमुळे फुगते. खालून दुसरा किंवा तिसरा आकडा धरा आणि ट्रिपचा सामायिक भाग त्यात बसवा. ज्यांना जास्त खर्च करायचाय त्यांच्यासाठी ऐच्छिक गोष्टी ठेवता येतात: वेगळी खोली, एखादा महागडा खेळ, एक दिवस आधी पोचणं. ज्यांचा आकडा या मर्यादेच्याही खाली आहे त्यांच्याशी एकट्याने बोला. पैसे उशिरा दिले तरी चालतील, किंवा दोनच रात्री ये, असं सांगितलं की अवघडलेपण जातं.

आता माणसांचा आकडा, कारण ट्रिप बुडते ती इथेच. 'येतोय रे' हा होकार नव्हे. पहिला हप्ता भरला तो होकार. तारीख आणि मर्यादा जाहीर केल्यावर सात दिवसांत एकूण अंदाजाच्या ३० टक्के रक्कम मागा आणि ती परत मिळणार नाही हे त्याच मेसेजमध्ये लिहा. हे कठोर वाटतं, पण हिशेब बघा. घर, गाडी, सामायिक बुकिंग हे खर्च माणसं कमी झाली म्हणून कमी होत नाहीत. चौदांतले तिघे गळाले की उरलेल्या अकरांचा वाटा २७ टक्क्यांनी वाढतो. त्या २७ टक्क्यांमुळे आणखी एक-दोघे माघार घेतात, आणि मग गळती थांबत नाही.

यावर उपाय म्हणजे बोलावणं चौदांना आणि हिशेब अकरांचा. माणशी खर्च जाहीर करताना सामायिक रकमेला अकराने भागा. तेवढ्यावरही मर्यादा पाळली जात असेल तरच ते घर घ्या. चौदाच्या चौदा आले तर वरचे पैसे सामायिक खात्यात राहतात आणि तिथल्या जेवणांना उपयोगी पडतात. पैसे भरल्यावर कुणाला माघार घ्यावी लागली, तर त्याच्या जागी दुसरा आणायचा पर्याय त्याला द्या. दुसरा मिळाला तर पैसे परत, नाहीतर नाही. हा नियम पहिल्याच दिवशी सांगितला तर कुणी दुखावत नाही. नंतर सांगितला तर मैत्रीत कायमची अढी बसते.

नवरदेवाचे पैसे कोण भरणार हेही आधीच ठरवा. तेरा जणांनी त्याचा सामायिक वाटा उचलला तर प्रत्येकावर जेमतेम ८ टक्के जादा पडतात, ते बहुतेकांना झेपतं. त्याचं तिकीटही उचलायचं ठरवलंत, तर बोजा बराच वाढतो. मला विचाराल तर राहणं, खाणंपिणं आणि खेळ मित्रांनी उचलावेत, तिकीट त्याने स्वतः काढावं. दारू न पिणाऱ्यांच्या कॉन्ट्रीत दारूचा खर्च कधीही मिसळू नका. चौदांत तीन-चार जण न पिणारे असतातच. ते तोंडाने काही बोलत नाहीत, पण तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर दिसतं. दारूचं खातं वेगळं, बाकीचं वेगळं, आणि दिवसाचा खर्च झोपण्याआधी हिशेबाच्या अ‍ॅपमध्ये टाकायचा. दुसऱ्या दिवसावर ढकललेला खर्च अर्धा विसरला जातो.

तिकिटांत एक फसवी गोष्ट आहे. विमानातल्या जागा वेगवेगळ्या भाड्यांच्या गटांत विकल्या जातात. स्वस्त गटात पाच जागा उरल्या असतील आणि तुम्ही एकदम नऊ मागितल्या, तर बऱ्याच यंत्रणा नऊच्या नऊ जागा वरच्या भाड्याने दाखवतात. म्हणून आधी एकाच माणसासाठी शोधा, मग तीन, मग पाच. भाडं ज्या आकड्यावर उडी मारतं तिथे स्वस्त जागा संपल्या असं समजा आणि तेवढ्यांचं तिकीट वेगळं काढा. ऑनलाइन एका वेळी साधारण नऊच जणांचं तिकीट निघतं. दहा आणि त्याहून जास्त जणांसाठी कंपन्यांचं वेगळं ग्रुप बुकिंग असतं. ते नेहमीच स्वस्त पडतं असं नाही, पण अनेकदा नावं नंतर द्यायची किंवा बदलायची मुभा मिळते, आणि गळतीचा धोका असलेल्या गटाला त्या मुभेची किंमत मोठी. मंडळी वेगवेगळ्या गावांहून येणार असतील, तर तिकिटं ज्याची त्याने काढावीत. तुम्ही फक्त 'दुपारी तीनच्या आत पोचायचं, परत निघायचं ते बाराच्या नंतर' एवढी चौकट द्या.

नावं टोपणनावाने मागू नका. ओळखपत्राचा किंवा पासपोर्टचा फोटो मागवा आणि तिकिटावर अक्षरन्‌अक्षर तसंच टाका. देशाबाहेर जाणार असाल तर पासपोर्टची मुदत त्याच फोटोत तपासा. अनेक देशांना पोचण्याच्या तारखेपासून पुढे सहा महिने वैध असलेला पासपोर्ट लागतो. चौदांत एकाची तरी मुदत संपत आलेली निघते, आणि हे विमानतळावर कळून उपयोग नाही. व्हिसा लागत असेल तर मुक्काम असा घ्या की रद्द केला तरी पैसे बुडणार नाहीत.

मुक्कामासाठी एवढ्या मोठ्या गटाला हॉटेलच्या सात खोल्यांपेक्षा एक मोठं घर बरं. रात्री एकत्र बसायला जागा मिळते, आणि ही ट्रिप शेवटी त्यासाठीच असते. पण जाहिरातीतला 'चौदा जणांची सोय' हा आकडा जसाच्या तसा घेऊ नका. त्यात सोफे, जमिनीवरच्या गाद्या आणि दोघांनी झोपायचे अरुंद पलंग धरलेले असतात. खोलीवार फोटो घेऊन खरे पलंग मोजा. ज्यांना दिवाणखान्यात झोपायचंय त्यांचा वाटा कमी लावा आणि हे पैसे भरण्याआधी सांगा.

पलंगांइतकीच बाथरूमही मोजा. माणशी पंधरा मिनिटं धरली तर दोन बाथरूममध्ये चौदा जणांना पावणेदोन तास लागतात. चार असतील तर तासाभरात काम होतं. चार जणांमागे एक, याच्या खाली जाऊ नका. गरम पाण्याचीही चौकशी करा. साठवणीचा छोटा गीझर असेल तर तिसऱ्याच्या डोक्यावर गार पाणी पडतं, आणि मग सगळ्या सकाळचं वेळापत्रक घसरतं.

मालकाला हा बॅचलर ग्रुप आहे हे आधीच लिहून कळवा. 'कॉलेजचे मित्र भेटतोय' असं सांगून बुकिंग केलं आणि दारात कळलं, तर बुकिंग रद्द होऊ शकतं आणि पैसेही जातात. घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीने २०२० मध्ये जगभर पार्ट्यांवर बंदी आणली आणि २०२२ मध्ये ती कायमची केली. त्रासदायक आणि खुल्या निमंत्रणाच्या पार्ट्या त्यात येतात. बऱ्याच घरांत आवाज मोजणारी यंत्रं लावलेली असतात आणि शांततेची वेळ ठरलेली असते. शेजारी किती अंतरावर आहेत, रात्री किती वाजेपर्यंत बाहेर बसलेलं चालतं, डिपॉझिट किती आणि कशासाठी कापलं जातं, हे तिन्ही प्रश्न लेखी विचारा. पोचल्या पोचल्या, बॅगा उघडायच्या आत, सगळ्या खोल्यांचा एक सलग व्हिडिओ काढा. भिंतीवरचे डाग, तुटकी कडी, टीव्हीची काच, सगळं. निघताना तसाच दुसरा काढा. डिपॉझिटच्या वादात हे दोन व्हिडिओच कामाला येतात.

गाडी घेताना चौदा जणांना चौदा सीटची घेऊ नका. सगळ्या सीट भरल्या की चौदा बॅगांना जागा उरत नाही, आणि 'चौदा सीट' मध्ये चालकाचीही धरलीय का हे विचारावंच लागतं. एकतर सतरा-वीस सीटची गाडी घ्या, नाहीतर दोन लहान. दोन लहान गाड्यांचा एक मोठा फायदा असा की रात्री अकराला ज्यांना परत जायचंय ते जाऊ शकतात. एकच गाडी असेल तर थकलेले सहा जण उरलेल्या आठांची वाट बघत ताटकळतात, आणि भांडणं नेमकी अशा वेळी होतात. चालकाची झोप आणि जेवण तुमच्या वेळापत्रकात लिहिलेलं हवं.

दिवस आखताना हात आखडता घ्या. दिवसाला आगाऊ बुक केलेली गोष्ट एकच. चौदा जणांना घराबाहेर काढायलाच तास जातो. एक आंघोळीत, एक फोनवर, एकाचा चष्मा सापडत नाही, आणि तो सापडेपर्यंत आंघोळीतला परत झोपलेला असतो. म्हणून निघायची वेळ एकच सांगा आणि त्या वेळेला गाडी खरोखर हलवा; मागे राहिला तो स्वखर्चाने येईल. पहिल्या सकाळी एकदा हे पाळलं की पुढे घड्याळ नीट चालतं. सकाळी अकराच्या आधी काहीही ठेवू नका. मोठी रात्र दुसरी ठेवा. पहिल्या रात्री निम्मे लोक प्रवासाने गळलेले असतात, आणि तिसऱ्या रात्रीनंतर परतीचा प्रवास असतो.

बाहेर जेवायला जाणार असाल तर आठवडाभर आधी टेबल धरा आणि ठरावीक मेनू सांगून ठेवा. चौदा जणांनी तिथे बसून आपापलं मागवलं, तर पहिल्याचं ताट येईपर्यंत आणि शेवटच्याचं येईपर्यंत पाऊण तासाचं अंतर पडू शकतं. कोण काय खात नाही आणि कुणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे, हे ओळखपत्राच्या फोटोसोबतच विचारून घ्या.

खेळांमध्ये एक गोष्ट क्रमाची आहे. स्कूबा डायव्हिंग करणार असाल तर ते दुसऱ्या दिवशी, शेवटच्या दिवशी नाही. एका डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी किमान बारा तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान अठरा तास थांबायला सांगतात. रक्तात विरघळलेला नायट्रोजन कमी दाबात बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येतो, त्यातून गंभीर त्रास होतो. पाण्यातले, उंचीवरचे, गाडी चालवायचे सगळे खेळ दारूच्या आधी. रात्री पोहण्याचा तलाव बंद समजा. उथळ पाण्यात डोक्यावर सूर मारून मान मोडणं हा अशा ट्रिपमधला सगळ्यात वाईट आणि सगळ्यात सहज टाळता येणारा अपघात आहे.

आता सामानाचा हिशेब. ७५० मिलीच्या बाटलीत ६० मिलीचे बारा पेग निघतात. पिणारे दहा, रोज सरासरी तीन पेग, तीन रात्री, म्हणजे नव्वद पेग, म्हणजे आठ बाटल्या. पहिल्याच दिवशी आठही आणू नका, चार आणा. घरात जेवढी दिसते तेवढी संपते. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला तीन लिटर, म्हणजे चौदांना ४२ लिटर. वीस लिटरचे दोन जार आणि वर दोन लिटर रोज लागतात. बर्फ माणशी एका रात्रीला एक किलोच्या आसपास, तोही त्याच संध्याकाळी आणायचा. जेवण पिण्याच्या आधी किंवा सोबत, नंतर नाही. रिकाम्या पोटी दारू भराभर चढते आणि रात्री दहालाच अर्धा ग्रुप आडवा होतो.

६० मिलीच्या एका पेगमध्ये, ४० टक्क्यांची दारू असेल तर, जवळपास १९ ग्रॅम अल्कोहोल असतं. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम बाहेर टाकतं. रात्री एकपर्यंत सहा पेग झाले असतील तर ११४ ग्रॅम होतात, म्हणजे पिणं सुरू केल्यापासून अकरा ते सोळा तास. आठला बसलेला माणूस सकाळी सातला, आणि काही जण पार दुपारपर्यंत, पूर्ण शुद्धीत नसतात. कॉफीने, गार पाण्याच्या आंघोळीने हा वेग वाढत नाही. म्हणून 'रात्री प्यायलो, सकाळी मी चालवतो' हे चालू देऊ नका. भाड्याच्या स्कूटर तर या ट्रिपपुरत्या विसरा. नशेत झालेल्या अपघाताचे पैसे प्रवास विमा बहुधा देत नाही.

रोज रात्री दोघे जण न पिणारे ठरवा, पाळीपाळीने. सगळ्यांचे पत्ते, रक्तगट, घरच्यांचे नंबर आणि जवळच्या दवाखान्याचा रस्ता त्या दोघांच्या फोनमध्ये, इंटरनेट नसतानाही उघडेल असा ठेवा. कुणी बेशुद्ध झाला तर 'झोपू दे, उतरेल' म्हणून खोलीत एकट्याला सोडू नका. शुद्ध हरपल्यावरही पोटातली दारू रक्तात मिसळत राहते, त्यामुळे तासाभराने तो अजून खालावू शकतो. त्याला कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तरी श्वासनलिकेत जाणार नाही. हलवून जागा होत नाही, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास आहेत, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड पडतोय, अंग गार किंवा निळसर पडलंय, यातलं एकही दिसलं तर ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा. पोलीस येतील का, घरी कळेल का, हा विचार नंतर.

बाटल्या सीलबंद आणि परवानाधारक दुकानातूनच घ्या. फुकट मिळणारे, सुट्टे, लेबल नसलेले पेग नकोतच. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये लाओसमधल्या वांग व्हिएंग इथे मिथेनॉल या विषारी अल्कोहोलच्या विषबाधेने सहा परदेशी पर्यटक दगावले. मिथेनॉलचा त्रास बारा ते चोवीस तासांनी सुरू होतो आणि तो हँगओव्हरसारखाच दिसतो. डोळ्यांसमोर धूसर किंवा पांढरं दिसायला लागलं तर तो हँगओव्हर नव्हे, लगेच दवाखाना गाठा.

नवरदेवाच्या चेष्टेची हद्द त्याच्याकडूनच घ्या. कोणत्या तीन गोष्टी अजिबात नकोत, हे एकदा विचारायचं आणि मग त्या करायच्याच नाहीत. केस, भुवया, दात, कातडी, यांना हात नाही. लग्नाचे फोटो आयुष्यभर राहतात. फोटो-व्हिडिओ ट्रिप संपेपर्यंत बाहेर टाकायचे नाहीत, आणि नंतर टाकताना त्यातल्या प्रत्येकाला विचारायचं. चौदांत कुणीतरी ऑफिसला आजारी असल्याचं सांगून आलेला असतो.

परतल्यावर सात दिवसांच्या आत हिशेब लावा: कुणी किती भरले, काय खर्च झालं, कुणाला किती द्यायचं. उशीर झाला की पावत्या हरवतात आणि मागायलाही संकोच वाटतो. डिपॉझिट परत आलं की त्याच दिवशी वाटून टाका आणि पैशांचा ग्रुप बंद करा. गप्पांचा ग्रुप राहू द्या. लग्नाच्या दिवशी कोण कुणाच्या गाडीतून येणार हे तिथेच ठरणार आहे.